पाच टिपऱ्यांचा दसरा

चिमाबाईनं काट्याच्या खिडकीतून अख्खा ऊस आत घातला, तुऱ्यासकट. तुरा थेट माझ्या चहाच्या कपात.

"भाऊ, ह्यो बघ," ती म्हणाली. "ह्याला काय झालंय ते सांग."

"मावशी, त्याला तुरा आलाय. आन् माझ्या चहाचं वाटोळं झालंय."

"तुरा मलाबी दिसतोय. मंग तोडीत का न्हाईत?"

तुरा आला की ऊस आतून वाळायला लागतो, पण हे मला विचारून काय उपयोग? मी काट्यावरचा माणूस. ट्रॅक्टर काट्यावर चढला, वजन घेतलं, ट्रॅक्टर उतरला, माझा संबंध संपला. कुणाचा ऊस कधी तोडायचा हे शेतकी खातं ठरवतं. पण माझी खिडकी पडली रस्त्याच्या तोंडाशी. त्यामुळे साखर कारखान्यावर भडकलेला माणूस आधी मला चार शब्द सुनावणार आणि मग हलका होऊन आत जाणार, असा रिवाजच पडला होता. नोकरीच्या सुरुवातीला मी वाद घालायचो. पुढे नुसतं हं हं करायला शिकलो.

दोन हजार सालचा जानेवारी होता तो. नवं साल लागलं की जगातले सगळे कॉम्प्युटर भंजाळणार, असं टीव्हीवर वर्षभर सांगत होते. जगातल्यांचं काय झालं मला ठाऊक नाही. आमचा मात्र भंजाळला, असं लोक छातीठोकपणे सांगत होते.

"मावशी, तोडीचं समदं आता कंपुटरवर असतं. मागच्या खोलीत शीला बसती, तिला विचारा."

"शीला म्हंजी आमच्या पिंपरीच्या भिमाजीची ना? तिला कशाला तरास? मी कंपुटरलाच विचारते. चल, दाव मला."

पिंपरी पेंढारहून दोन एसट्या बदलून, ऊस खांद्यावर टाकून आलेल्या बाईला नाही कसं म्हणणार? काटा जोडीदाराच्या हवाली केला आणि तिला घेऊन निघालो.

ती खोली म्हणजे कारखान्यातली पहिली थंड हवेची खोली. साहेबांच्या केबिनला पंखा होता आणि कॉम्प्युटरला एसी. आत धूळ जाऊ नये म्हणून चपला बाहेर काढायच्या. लोक देवळात शिरावं तसे मुकाट आत शिरायचे, आणि काही जण तर मशीनला हात जोडायचे. खंडेनवमीला त्याला हळदकुंकू वाहिलं होतं, त्याचा डाग पडद्याच्या कडेला अजून होता.

हे मशीन आलं कशासाठी, ते आधी सांगायला हवं. पूर्वी तोडीची चिठ्ठी निघायची ती माणूस बघून. ज्याचा कुणी संचालक पाव्हणा, त्याचा ऊस ऐन थंडीत रसानं भरलेला असताना तुटायचा. ज्याचा कुणीच नाही, त्याचा एप्रिलच्या उन्हात वाळून पाचट झाल्यावर. शीलाचा बाप भिमाजी त्या दुसऱ्या रांगेतला. एका निवडणुकीत तो उघडपणे पडत्या बाजूला उभा राहिला होता. तेव्हापासून त्याचा ऊस शेवटाला. तसं कुणी त्याला तोंडावर बोललं नाही, कुठं लिहून ठेवलं नाही. पण साल कोणतंही असो, गावातल्या सगळ्यांचा ऊस तुटला की मग भिमाजीच्या बांधावर तोडणाऱ्यांची टोळी यायची. मी काट्यावरून बघायचो ना. त्याची ट्रॉली वर चढली की समजायचं, आता पिंपरीत उभा ऊस राहिला नाही.

मग नवे अध्यक्ष आले आणि त्यांनी हा तोडीचा कार्यक्रम कॉम्प्युटरवर टाकायचं ठरवलं. नारायणगावच्या खतवाल्या माणिकचंद शेठचा मुलगा कल्पेश पुण्यात तेच काम करायचा, त्यानं सगळं बसवून दिलं. ऊस लावल्याची, म्हणजे लागणीची तारीख सांगायची, उसाची जात सांगायची, रान किती ते सांगायचं. कोणाचा ऊस कधी तोडायचा, टोळी कुठून कुठं हलवायची, ट्रॅक्टर किती धाडायचे, हे सगळं मशीन ठरवणार. आणि ते मशीन चालवायला आली शीला. कोर्स नारायणगावला केलेला, वय असेल चोवीस-पंचवीस, आवाज असा की शेजारच्या टेबलालाही नीट ऐकू जायचा नाही. मला वाटलं, ही पोर इथं आठ दिवस टिकायची नाही.

टिकली. नुसती टिकली नाही, तिनं माणसांना वळण लावलं. एका बड्या घरचा पुतण्या एकदा बुटासकट आत घुसला आणि म्हणाला, आमचा प्लॉट जरा वर घ्या. शीलानं खुर्ची पुढे केली, पाणी दिलं आणि म्हणाली, "लागणीची तारीख सांगा, मशीन नंबर सांगेल." तो म्हणाला, तारीखबिरीख सोडा. ती म्हणाली, "मग मशीनला विचारू तरी काय?" पुतण्या थोडा वेळ पडद्याकडे बघत बसला आणि उठून गेला. जाताना दारात बूट काढायला वाकला, मग त्याला आठवलं की आपण बाहेर निघालोय. मी हे डोळ्यांनी पाहिलंय.

दिवाळीनंतरचे दोन महिने गाडं असं सुरळीत चाललं की माझ्या खिडकीत शिव्या द्यायला माणूस येईना. करमेना मला.

डिसेंबरात भिमाजी आला. टोपी परीटघडीची. "गेणभाऊ, जानेवारीच्या पयल्या पंधरवड्यात माझा नंबर लागलाय," म्हणाला. "पोरीनं न्हाई लावला. कंपुटरनं लावलाय." हेच त्यानं गेटवरच्या वॉचमनला सांगितलं, चहावाल्याला सांगितलं, आणि परतताना एसटीच्या कंडक्टरलाही सांगितलं असणार. एवढ्या वर्षांनी थंडीत ऊस तुटणार म्हणून माणूस हरखून गेला होता. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आणि जानेवारी लागला तसा सगळा घोळ सुरू झाला. मशीननं टोळ्यांमागून टोळ्या पिंपरी पेंढारला धाडल्या. बेल्ह्याकडच्या टोळ्या उचलून तिकडे, पारगावच्या बाजूच्याही तिकडे. एका गावात एवढे कोयते आणि एवढे ट्रॅक्टर की रस्त्यावर बैलगाडी वळेना. बाकीच्या गावांत ऊस उभा आणि तोडायला माणूस नाही. त्यात पिंपरीचा जो ऊस आला त्यातला निम्मा कोवळा. उसातून साखर किती निघते त्याला आम्ही उतारा म्हणतो. तो उतारा असा घसरला की साहेब लोक प्रयोगशाळेत जाऊन बसले. आणि एवढ्या गर्दीत कुणाच्या रानात आधी शिरायचं ते मुकादम ठरवायला लागले. म्हणजे ज्याची कोंबडी रश्श्यात, त्याचा ऊस आधी. चिमाबाईला कोंबडी परवडणारी नव्हती.

आम्ही आत गेलो तेव्हा कल्पेश मशीनपुढे बसला होता. डोळे लाल, दाढी वाढलेली. साल बदलल्यानं आकड्यांत कुठं गफलत झाली ते तो शोधत होता आणि त्याला ती सापडत नव्हती. शीला बाजूला उभी होती. शेतकी अधिकाऱ्यांनी सकाळीच सांगून टाकलं होतं, सोमवारपर्यंत घोळ निस्तरला नाही तर या खोलीला कुलूप आणि चिठ्ठ्या पूर्वीसारख्या सुरू. हे सांगायला आलेल्या घोळक्यात तो पुतण्याही होता, आणि त्याच्या पायात बूट होते.

चिमाबाई मशीनसमोर उभी राहिली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "माझा ऊस तुऱ्यावर आलाय रं बाबा. आता तरी घे."

कल्पेशला हसावं की रडावं कळेना. शीलानं तिला खुर्चीवर बसवलं.

"चिमाआज्जी, लागण कवाची तुमची?"

"परवाच्या न्हाई, आदल्या सालच्या दसऱ्याची."

शीला थकून हसली. "समद्या गावाचीच दसऱ्याची हाये आज्जी. म्हणून तर नंबर लागंना."

"समद्या गावाची?" चिमाबाई चिडली. "कोन म्हनतं? दसऱ्याच्या त्या पाच टिपऱ्या. त्या आमच्या गावात समदेच लावत्यात. नारळ फोडायचा, रानाच्या कोपऱ्यात उसाच्या पाच टिपऱ्या दाबायच्या, हळदकुंकू व्हायचं अन् सोनं लुटाया जायाचं. बाकीचं रान मंग ज्याच्या त्याच्या सवडीनं. कुनी दिवाळीला लावतो, कुनी कांदं निघाल्यावर. माझं येकच एकर. जावा आल्या व्हत्या मदतीला, म्हनलं वाकलोच हाये तर उरकून टाकू. दिस मावळायच्या आत लागण झाली."

कल्पेश खुर्चीसकट वळला.

"म्हणजे नोंद केलेली तारीख मुहूर्ताची?" कल्पेश म्हणाला.

"मंग? लागणीची तारीख मुहूर्ताचीच सांगनार ना मानूस. सोयरिकीची तारीख इचारली तर सुपारी फुटल्याचीच सांगतो का न्हाई?"

कल्पेशनं कपाळावर हात मारला. "आमच्या दुकानात पाडव्याला पहिलं माप घालतात. बापूजी सगळ्यांना सांगतात, यंदाचं दुकान पाडव्याला सुरू झालं. खतांचा ट्रक येतो आठ दिवसांनी." आणि तो हसायला लागला. मी हसलो. आम्ही सगळे इथलेच. लागणीची नोंद घेणारा इथला, नोंद देणारे इथले, आणि कुणाच्या डोक्यात आलं नाही की मशीनच्या घरात दसरा नसतो. पूर्वी चिठ्ठ्या तोंड बघून निघत, तेव्हा तारखेला कोण विचारत होतं? तारीख चुकली काय, बरोबर काय, सारखंच.

शीला मात्र हसली नाही.

"समद्या तारखा मीच टाईप केल्यात," ती म्हणाली. "अन् आमच्या टिपऱ्यांना हळदकुंकू मीच वाहिलं व्हतं. त्या वेळी आमच्या रानात कांदा व्हता."

तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं. भिमाजीचा नंबर त्या पाच टिपऱ्यांवर लागला होता.

कल्पेशनं एक तोड सुचवली. उतारा बघून, रानोरान हिशेब करून तो अंदाजानं खऱ्या तारखा बसवू शकत होता. दोन दिवसांचं काम. शीलानं मान हलवली. "आपण अंदाजानं ठरवायचं तर मग चिठ्ठ्यांनी काय वाईट केलं व्हतं? ज्याची तारीख त्यानंच सांगायला पायजे."

"अगं पण खरी तारीख सांगितली की नंबर मागं जाणार," मी म्हणालो. "आपल्या तोंडानं कोण मागं जाईल?"

"विचारून तर बघू, गेणभाऊ."

दुपारी मी माझ्या एम-एटी गाडीवर तिला पिंपरीला घेऊन गेलो. मला कुणी जा म्हटलं नव्हतं. वजन घेण्यात आयुष्य गेलं, एकदा म्हटलं दुसरं काहीतरी बघू.

भिमाजी रानात होता. ट्रॉली आत यावी म्हणून त्यानं बांध फोडून वाट केली होती, खड्ड्यांत मुरूम टाकला होता, आणि आता वरून चोपणं मारत होता. साळुबाईनं, म्हणजे शीलाच्या आईनं, आम्हाला बघून बांधावरच चूल पेटवली आणि चहाचं आधण ठेवलं. शीला बापाशेजारी उकिडवी बसली आणि एका दमात सगळं सांगून मोकळी झाली. भिमाजीचं चोपणं थांबलं नाही.

"पाच टिपऱ्या लावल्या का न्हाई आपुन दसऱ्याला?" तो म्हणाला.

"लावल्या."

"मंग म्या खोटं काय सांगितलं?"

"खोटं न्हाई सांगितलं आबा. पर मशीनला टिपऱ्या कळत न्हाईत. त्याला रान कळतं."

"मंग त्याला शिकीव की. त्याचाच तर पगार घेती."

"तेच कराया आलेय."

आता चोपणं थांबलं. भिमाजीनं वाटेकडे बघितलं, फोडलेल्या बांधाकडे बघितलं. "जल्मभर शेवटाला राह्यलो," तो म्हणाला. "तवा मानसं ठरवीत व्हती. मी म्हनलं, मानसाचं काय, त्याच्या पोटात पाप असतं. आता कंपुटर ठरवतोय, त्याच्या पोटात पाप न्हाई. अन् त्यानं मला वर घेतलं. तर माझीच लेक आली मला खाली उतरवाया."

शीलाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज होता तसाच राहिला. "आबा, तुमचा नंबर पडद्यावर आला त्या दिवशी मी खोलीचं दार लावून रडले व्हते. मला काय कमी वाईट वाटतंय का? पर चिमाआज्जीचा ऊस वाळून चाललाय. तिची लागण खरंच दसऱ्याची हाये. आपल्यासारख्या खोट्या दसऱ्यांच्या मागं ती उभी हाये. अन् सोमवारी खोलीला कुलूप लागलं तर पुन्हा चिठ्ठ्या. मग ती कायमचीच शेवटाला."

"तू तुझं काम कर," भिमाजी म्हणाला, आणि चहा न घेता उसात निघून गेला. साळुबाईनं त्याचा कप पाटीखाली झाकून ठेवला.

दिवे लागायच्या सुमाराला देवळासमोर गाव जमलं. भोंग्यावरून पुकारलं होतं, त्यामुळे झाडून सगळे आले होते. मला वाटलं होतं, शीला आधी मला बोलायला लावेल. दोन शब्द जुळवूनही ठेवले होते मी. ती स्वतःच उभी राहिली. एवढ्याशा आवाजात सांगायला लागली, आणि तो ऐकू यावा म्हणून गाव आपसूक गप्प झालं. मशीन बिघडलेलं नाही, ती म्हणाली. आपण त्याला मुहूर्त सांगितला, त्यानं तो लागण म्हणून धरला. चूक मशीनची नाही आणि तुमची एकट्यांचीही नाही, टाईप करणारी मी होते. आता ज्यानं त्यानं आपल्या रानाची लागण पुरी झाल्याची तारीख सांगावी. कुणी सांगितली नाही तर जबरदस्ती नाही.

कुणी सांगेना. विड्या पेटल्या. एकाला खोकला आला, तो बराच वेळ पुरला. मग मागून एक जण म्हणाला, "आधी तुझ्या बापाची तारीख कंची ते सांग की."

बोलणारा चूक नव्हता. शीलानं हातातली वही उघडली आणि मिटली. बापाच्या तोंडचं ते बोलायला तिचं मन धजेना, हे मला दिसत होतं. मी माझे जुळवलेले शब्द आठवायला लागलो. तेही आठवेनात.

"तिला कशाला इचारता?" गर्दीच्या कडेनं भिमाजी पुढे आला. पायाला अजून मुरमाची माती होती. "रान माझं हाये, मी सांगतो. चंपाषष्ठी झाल्याव लागण केली म्या. त्याच्या आधी कांदा व्हता रानात, समद्यांनी बघितलाय." मग लेकीकडे वळून म्हणाला, "लिव. अन् पयलं नाव माझं लिव. कशात तरी पयला नंबर लागू दे माझा."

एवढं बोलून तो देवळाच्या पायरीवर बसला. आणि गावाला हसू फुटलं. त्या हसण्यानं गाठ सुटली. एक जण म्हणाला, माझी दिवाळीनंतरची. दुसरा म्हणाला, माझी तुळशीच्या लग्नाची धरा. तिसरा काही बोलायच्या आत त्याचा चुलतभाऊच ओरडला, "आरं तू तर त्रिपुरी पुनवेला लावत व्हतास, परसाद मीच दिला तुला सरीत." माणसं एकमेकांची उणीदुणी काढत, थट्टा करत स्वतःच्या तारखा मागं सरकवत होती. मी एवढी वर्षं कारखान्यात काढली, माणसं पुढं घुसण्यासाठी काय काय करतात ते बघितलं. मागं सरकणारी माणसं तेव्हाच पाहिली.

शेवटी चिमाबाई उठली. "माझी दसऱ्याचीच राहू द्या बरं का," ती म्हणाली. कुणी हरकत घेतली नाही.

सोमवारी खोलीला कुलूप लागलं नाही. बिचाऱ्या मशीनला खरं काय ते कळल्यावर त्यानं एका दिवसात टोळ्या पांगवल्या, बेल्ह्याच्या बेल्ह्याला, पारगावकडच्या तिकडे. पिंपरीत पहिली तोड चिमाबाईची. तिची ट्रॉली काट्यावर आली तेव्हा ती स्वतः ड्रायव्हरच्या शेजारी बसून आली होती आणि खिडकीतून मला म्हणाली, "आता पी च्या." उतारा चढला. साहेब लोक प्रयोगशाळेतून आपापल्या खुर्चीत परतले.

कल्पेशनं जाण्याआधी कार्यक्रमात एक रकाना वाढवला. आता नोंद करताना मशीन दोन तारखा विचारतं, आधी मुहूर्ताची आणि मग लागण पुरी झाल्याची. शीलाचाच आग्रह होता तो. मुहूर्ताची तारीख नाही विचारली तर लोकांना चुकल्यासारखं वाटेल, म्हणाली. दुसऱ्या कुठल्या कॉम्प्युटरात असा रकाना असेल असं मला तरी वाटत नाही.

भिमाजीचा नंबर गेला पार तळाला. चंपाषष्ठीनंतरची लागण, त्यात जानेवारीचे दिवस वाया गेलेले, आणि कोवळ्या प्लॉटांमुळे सगळंच पुढे ढकललेलं. मार्च संपत आला, विहिरींनी तळ गाठला. पाडव्याच्या ओढीनं टोळ्या गावाकडे निघायला लागल्या. शेतकी अधिकारी, तेच कुलूप लावायला निघालेले, आता शीलाचं तोंड भरून कौतुक करायचे. एकदा माझ्यासमोर म्हणाले, "शीलाताई, वडलांचा प्लॉट घ्या वर. तुमचा तेवढा हक्क आहे. मी सही करतो."

"बघते साहेब," ती म्हणाली. ते गेल्यावर तिनं तसं काही केलं नाही.

मला राहवेना. "घे की गं वर," मी म्हणालो. "म्हातारा उन्हात पाणी धरून धरून वाळलाय उसासंगं. कुणाला कळणार हाये? मशीन काय बोंबलणार हाये का?"

"न्हाई बोंबलणार, गेणभाऊ. त्याला जे सांगू ते ते करतं." तिनं माझ्याकडे बघितलं. "म्हणूनच न्हाई सांगत."

मी परत फिरलो. काट्यावर येऊन बसलो. आमच्या काट्याला सगळे भितात, कारण तो खोटं बोलत नाही म्हणतात. पण त्याचा आकडा पुकारणारा मीच ना. एवढ्या वर्षांत माझ्या मनात हे असं आलं नव्हतं. पोरगी माझ्या निम्म्या वयाची, पण त्या दिवसापासून मी तिला मनातल्या मनात बाई म्हणायला लागलो.

हंगामाच्या शेवटी आमच्याकडे शेवटच्या ट्रॉलीचा मान असतो. पहिली मोळी यंत्राच्या गव्हाणीत टाकायला अध्यक्ष येतात, फोटो निघतात. शेवटची ट्रॉली मात्र कामगारांची. तिला झेंडूच्या माळा, पुढे हलगी, आणि गेटपासून काट्यापर्यंत गुलाल. त्या साली ती ट्रॉली भिमाजीची होती.

ऊन मी म्हणत होतं. ट्रॅक्टर गेटातून आत आला तशी हलगी घुमायला लागली. बॉयलरवरची पोरं नाचत पुढे आली. भिमाजी ट्रॉलीच्या मागून चालत येत होता. कुणीतरी त्याला ओढून पुढे घेतलं, टोपीवर गुलाल टाकला, गळ्यात माळ घातली. तो हसला नाही, नाकारलंही नाही. ट्रॉली काट्यावर चढली. बघूनच कळत होतं, ऊस हलका झालाय, शेंड्याकडचे वाढे पार सुकलेले. मी वजन घेतलं. नेहमी मी आकडा पुकारतो. त्या दिवशी कागद हातात दिला. त्यानं तो न वाचता टोपीत ठेवला.

मग तो कॉम्प्युटरच्या खोलीकडे गेला. मी पाठोपाठ गेलो, वाटलं म्हाताऱ्याला सोबत असावी. दारात तो थांबला, पायांकडे बघितलं, मातीनं आणि गुलालानं भरलेले. आत गेला नाही. वळसा घालून खिडकीशी उभा राहिला. आत शीला एकटी होती. तिनं मान वर करून बापाला बघितलं, पुन्हा खाली घातली, बोटं चालवली. मग उठली आणि खिडकी उघडली. आतली थंड हवा आमच्या तोंडावर आली.

"आलं का माझं नाव?" भिमाजीनं विचारलं.

"आलं, आबा."

"कितवं?"

 शीलानं खिडकीचा गज धरून सांगितलं, "शेवटचं."

"बरुबर हाये," भिमाजी म्हणाला. गळ्यातली माळ काढून त्यानं खिडकीच्या गजाला अडकवली, आणि टोपीवरचा गुलाल न झटकता ट्रॅक्टर गाठायला निघाला.